घरातील जनरेटर आणि खांबावरचा लाइनमन



स्मरणिकेच्या अंकात विजेच्या जोडणीवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांना पडेल. आम्ही स्वतः बँकेत लेखनिक आहोत. शिक्षण कला शाखेचे, त्यामुळे विजेच्या शास्त्राचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु घरात वीज वापरणारा प्रत्येकजण तिच्या धोक्याचा वाटेकरी असतो. ज्या गोष्टीने स्वतःचा, कुटुंबाचा किंवा एखाद्या अनोळखी कामगाराचा जीव जाऊ शकतो, ती समजून घेण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. जाणकार वायरमन व परवानाधारक कंत्राटदार यांना विचारून आम्ही जे समजून घेतले, ते येथे साध्या भाषेत मांडत आहोत.

आपल्यापैकी अनेकांचे एक घर मुंबई-ठाण्यात आणि दुसरे गावी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब मोठ्या संख्येने आडवे झाले आणि कित्येक गावांना वीज परत मिळण्यास आठवडे लागले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला ग्रिडमधील बिघाडामुळे मुंबई महानगर प्रदेशातीलही वीज गेली व लोकलगाड्या जागीच थांबल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने कोकणपट्टीला पुन्हा झोडपले. अशा अनुभवांनंतर लहान पेट्रोल जनरेटर घेण्याकडे लोकांचा कल वाढणे स्वाभाविक आहे. विकत घेणे सोपे असते. प्रश्न उभा राहतो तो हा, की त्याची वीज घराच्या वायरिंगमध्ये आणावयाची कशी?

घातक पळवाट

पुष्कळ ठिकाणी एक पळवाट वापरली जाते. एका वायरीच्या दोन्ही टोकांना थ्री पिन टॉप बसवतात. एक टोक जनरेटरच्या सॉकेटमध्ये आणि दुसरे घरातील गीझरच्या किंवा पंपाच्या पॉवर सॉकेटमध्ये खुपसले की सगळे घर उजळते. खर्च शेदोनशे रुपयांचा आणि काम पाच मिनिटांचे, म्हणून ही युक्ती शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे पसरते.

या युक्तीत तीन धोके आहेत. पहिला डोळ्यांना दिसणारा आहे. सॉकेटमधून एक टोक निसटले की त्या टॉपच्या उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्टचा दाब असतो. घरात लहान मूल असेल तर अधिक सांगावयास नको.

दुसरा धोका वीज परत येते तेव्हाचा. बाहेरची वीज आणि जनरेटरची वीज या दोन्ही सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतात, पण त्यांची पावले एकमेकांशी जुळलेली नसतात. अशा दोन विजा एकाच तारेवर समोरासमोर आल्या की जनरेटरची गुंडाळी जळते. वायर तापून आग लागण्याचाही संभव असतो, आणि आग लागते तीही पेट्रोलने भरलेल्या टाकीशेजारी.

तिसरा धोका सर्वांत मोठा, आणि तो आपल्याला दिसत नाही. त्याचा थोडा खुलासा करणे आवश्यक आहे.

वीज उलटी कशी जाते?

घराच्या वायरिंगला आत आणि बाहेर हा भेद कळत नाही. पॉवर सॉकेटमध्ये घातलेली वीज पंख्यापर्यंत जाते, तशीच ती मेन स्विच चालू असल्यास मीटरमधून सर्व्हिस वायरवर, तेथून खांबावर व पुढे रोहित्रापर्यंतही जाते. या रोहित्राला गावाकडे आपण डीपी म्हणतो. रोहित्राचे नेहमीचे काम ११ हजार व्होल्टचा दाब उतरवून घरगुती पातळीवर आणणे हे होय. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये हा दाब सुमारे २५० व्होल्ट धरून रोहित्र बनवलेले असते. म्हणजे आतील दोन गुंडाळ्यांचे प्रमाण ११,००० भागिले २५०, अर्थात ४४ पट होते. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. खालच्या बाजूने २३० व्होल्ट दिले तर वरच्या बाजूला २३० गुणिले ४४, म्हणजे सुमारे दहा हजार व्होल्ट तयार होतात.

आता खांबावरच्या लाइनमनचा विचार करा. त्याने उपकेंद्रातून लाइन बंद करून घेतली आहे, तसे परमिट त्याच्याकडे आहे. नियमाप्रमाणे त्याने तारा अर्थ करून घ्यावयाच्या असतात आणि बहुतेकजण ते करतातही. पण परमिट देणाऱ्याला उपकेंद्राकडून येणारी वीज ठाऊक असते. आपल्या पडवीतून निघणारी वीज त्याच्या कोणत्याही नोंदवहीत नसते. वादळानंतर तारा अनेक ठिकाणी तुटलेल्या असतात, त्यामुळे एका जागी केलेले अर्थिंग तुटलेल्या तुकड्याच्या पलीकडे उपयोगी पडत नाही. तीच गोष्ट वाटेत पडलेल्या तारेची. ‘लाइट नाहीच’ म्हणून ती बाजूला सारणारा शेजारी किंवा तिला लागणारी गाय, दोघांच्याही जिवाला आपला जनरेटर धोका ठरू शकतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ‘आमचा जनरेटर एवढासा. वीज बाहेर गेलीच, तर साऱ्या वाडीचा भार त्याच्यावर पडून तो आपोआप बंद होईल.’ वाडी जोडलेली असेल तर बहुधा तसे घडेलही. परंतु वादळात तार आपल्या घराजवळच तुटलेली असेल, तर जनरेटरवर वाडीचा भार येतच नाही. तो निवांत चालू राहतो आणि तुटक्या तारेत वीज खेळत राहते. म्हणजे लाइनमनला जेथे काम करावयाचे असते, नेमक्या त्याच जागी हा आक्षेप टिकत नाही.

दुसरा आक्षेप असा, ‘आम्ही मेन स्विच पाडूनच जनरेटर चालू करतो.’ शंभर वेळा आठवणीने पाडला, पण एकशे एकाव्या वेळी रात्रीच्या अंधारात, पाहुण्याने किंवा थोरल्या मुलाने जनरेटर चालू केला तर? माणसाच्या आठवणीवर दुसऱ्याचा जीव टांगून ठेवणे बरोबर नाही. त्यासाठी, चूक करावयाची म्हटले तरी करता येऊ नये, अशी यंत्रणाच हवी.

चेंजओव्हर स्विच

ती यंत्रणा म्हणजे चेंजओव्हर स्विच. त्याच्या तीन जागा असतात. एका बाजूला बाहेरची वीज, दुसऱ्या बाजूला जनरेटर आणि मध्ये शून्य. दांडा एका वेळी एकाच बाजूला असू शकतो. एका बाजूचा संपर्क पूर्ण तुटल्याखेरीज दुसरीकडचा जुळत नाही, अशी त्याची आतील रचनाच असते. त्यामुळे जनरेटरची वीज मीटरकडे जाण्याची वाट बंद होते, मग दांडा कोणीही फिरवो.

त्याची जागा मीटर व मेन स्विच यांच्या नंतर आणि डिस्ट्रिब्युशन बोर्डाच्या आधी. डिस्ट्रिब्युशन बोर्ड म्हणजे जेथे एमसीबींची रांग असते ती पेटी. वायरमनकडून काम करून घेताना पुढील गोष्टी आवर्जून पाहाव्यात.

पहिली गोष्ट, सिंगल फेजच्या घरात स्विच दोन पोलचा असावा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकदम बदलणारा. ‘न्यूट्रलला शॉक नसतो’ असे म्हणून काहीजण न्यूट्रल तसाच जोडून ठेवतात. न्यूट्रल जमिनीच्या दाबाला असतो तो रोहित्राशी केलेल्या अर्थिंगमुळे. तार तुटली किंवा जोड सैल झाला की न्यूट्रलवरही दाब चढू शकतो आणि तो सर्व्हिस वायरने बाहेर जाऊ शकतो. थ्री फेज जोडणी असेल तर याच कारणासाठी चार पोलचा स्विच लागतो.

दुसरी गोष्ट, स्विचची क्षमता घराच्या मेन स्विचपेक्षा कमी नसावी. मेन ३२ अॅम्पिअरचा असेल तर चेंजओव्हर किमान ३२ अॅम्पिअरचा. आयएसआय चिन्ह पाहूनच तो घ्यावा.

तिसरी गोष्ट वायरीची. ३ केव्हीएचा सेट २३० व्होल्टवर सुमारे १३ अॅम्पिअर प्रवाह देतो. त्याच्यासाठी तांब्याची, तीन कोअरची, २.५ चौरस मिलिमीटरची लवचीक केबल पुरते. अंतर जास्त असल्यास ४ चौरस मिलिमीटरची घ्यावी, म्हणजे वाटेत दाब घटणार नाही. जनरेटरच्या बाजूलाही त्याच्या क्षमतेचा एमसीबी हवा.

चौथी गोष्ट, अर्थची हिरवी तार कोणत्याही स्विचमधून जाता कामा नये. ती जनरेटरच्या सांगाड्यापासून घराच्या अर्थिंगपर्यंत अखंड असावी. कोकणातील जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही. तेथे अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे आणि वर्षातून एकदा त्याची तपासणी करून घ्यावी.

पाचवी गोष्ट आरसीसीबीची. जुन्या भाषेत लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. माणसाच्या शरीरातून शंभर-दोनशे मिलिअॅम्पिअर प्रवाह गेला तरी जीव जाऊ शकतो. १६ अॅम्पिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या लेखी १६ हजार मिलिअॅम्पिअरपर्यंत सर्व ठीक असते. ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी मात्र एवढ्या गळतीवर तत्काळ वीज तोडतो.

येथे एक बारकावा आहे. अनेक लहान सेटमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. तसे असेल तर गळती झाली तरी प्रवाहाला जनरेटरकडे परतण्याची वाट मिळत नाही आणि आरसीसीबी पडत नाही. म्हणून दोन पोलचा चेंजओव्हर बसवल्यावर जनरेटरचा न्यूट्रल जनरेटरच्या बाजूलाच, एकाच ठिकाणी अर्थला जोडावा लागतो. घरातील बोर्डात मात्र न्यूट्रल आणि अर्थ कधीही एकत्र करू नयेत. सेटची पुस्तिका पाहून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, आणि झाल्यावर जनरेटर चालू असताना आरसीसीबीचे ‘टी’ लिहिलेले बटण दाबून पाहावे. तेवढ्यावर न थांबता, गळती झाल्यास आरसीसीबी खरोखर पडतो का, हे वायरमनकडून उपकरणाने तपासून घ्यावे. बटण फक्त आतील यंत्रणा तपासते, अर्थिंग तपासत नाही.

ज्यांच्या घरावर ग्रिडला जोडलेले सौर पॅनेल आहेत, त्यांनी जनरेटर चालवताना सौर इन्व्हर्टर वेगळा काढण्याची सोय करून घ्यावी. तसे न केल्यास तो जनरेटरच्या विजेलाच बाहेरची वीज समजून तिच्यात आपली वीज ढकलू लागतो.

किती मोठा जनरेटर?

येथे आमच्या बँकेतील हिशेबाची सवय उपयोगी पडते. जमेपेक्षा खर्च वाढला की खाते बुडते. जनरेटरचेही तसेच आहे.

एका साध्या घराचा हिशेब मांडू. ९ वॅटचे सहा एलईडी दिवे ५४ वॅट, ७५ वॅटचे तीन पंखे २२५, फ्रीज १५०, टीव्ही १०० आणि इंटरनेटची पेटी १५. एकूण ५४४ वॅट. मग १ केव्हीएचा सेट पुरेल असे वाटते. परंतु मोटार असलेली वस्तू सुरू होताना क्षणभर कित्येक पट वीज ओढते. फ्रीज पाचपट ओढतो असे धरले तर त्या क्षणी ७५० वॅट, अधिक इतर ३९४, मिळून ११४४ वॅट होतात. केव्हीएला ०.८ ने गुणले की सर्वसाधारणपणे किलोवॅट मिळतात. म्हणजे १ केव्हीएचे ८०० वॅट येथे अपुरे आणि २ केव्हीएचे १६०० वॅट पुरेसे.

आता विहिरीवरचा अर्धा अश्वशक्तीचा पंप जोडा. चालताना तो सुमारे ६०० वॅट घेतो, सुरू होताना तिप्पट किंवा त्याहून अधिक, म्हणजे निदान १८००. त्यात फ्रीज सोडून इतर ३९४ मिळवले की २१९४ वॅट होतात. ३ केव्हीएचे २४०० वॅट यास जेमतेम पुरतात. म्हणून पंप सुरू करताना फ्रीज व इतर वस्तू बंद ठेवाव्यात. गीझर, इस्त्री व एअर कंडिशनर यांना या हिशेबात जागाच नाही. त्यांचे एमसीबी पाडून ठेवावेत, किंवा दिवे-पंखे-फ्रीज एवढेच सर्किट चेंजओव्हरवर घ्यावे.

चालू आणि बंद करण्याचा क्रम

वीज गेल्यावर :
१. बोर्डातील सर्व एमसीबी पाडावेत.
२. चेंजओव्हर शून्यावर आणावा.
३. जनरेटर सुरू करून दोन-तीन मिनिटे रिकामा चालू द्यावा. व्होल्टमीटरवर २३० च्या आसपास आकडा स्थिर झाला की चेंजओव्हर जनरेटरच्या बाजूला फिरवावा.
४. एमसीबी एकेक करून उचलावेत, फ्रीज किंवा पंप आधी व दिवे नंतर.

वीज परत आल्याचे कळण्यासाठी चेंजओव्हरच्या आधी, बाहेरच्या बाजूला एक लहान दर्शक दिवा बसवून घ्यावा. तो लागला की :
१. एमसीबी पाडावेत.
२. चेंजओव्हर शून्यावर व मग बाहेरच्या विजेवर न्यावा.
३. एमसीबी एकेक करून उचलावेत.
४. जनरेटर थोडा वेळ रिकामा चालवून थंड होऊ द्यावा आणि मग बंद करावा.

हा क्रम ठळक अक्षरांत लिहून चेंजओव्हरच्या शेजारी चिकटवावा. घरातील वडीलधाऱ्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना तो एकदा करून दाखवावा.

धूर आणि इंधन

जोडणी निर्दोष असली तरी जनरेटर आणखी एका वाटेने जीव घेऊ शकतो. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. म्हणून पावसाच्या भीतीने जनरेटर पडवीत, ओटीवर, जिन्याखाली किंवा सदनिकेच्या बाल्कनीत ठेवू नये. खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नाही. दारे-खिडक्यांपासून किमान वीस फूट दूर, मोकळ्या जागी, जमिनीपासून थोड्या उंच ओट्यावर, वरून छप्पर पण चारही बाजूंनी मोकळा असा तो असावा. धुराचे तोंड घराकडे नसावे, शेजाऱ्याच्या घराकडेही नसावे. पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि थंड झालेले असावे.

सदनिकेत राहणाऱ्या सभासदांनी स्वतंत्र पेट्रोल जनरेटरच्या भानगडीत न पडता इन्व्हर्टर किंवा सोसायटीच्या सामाईक सेटचा विचार करणे योग्य. तेथे एसीसीएल नावाचे लहान उपकरण घराघरात बसवतात. ते आपोआप बदल करते आणि ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त भार झाल्यास वीज तोडते.

पैसे नसतील तर?

दोन पोलचा चांगला स्विच, केबल आणि वायरमनची मजुरी यांचा खर्च प्रत्येकाला लगेच झेपेल असे नाही. त्यांच्यासाठी एक सुरक्षित मार्ग आहे. घराच्या वायरिंगला जनरेटर जोडूच नये. जनरेटरच्या सॉकेटपासून चांगल्या प्रतीचा एक्स्टेन्शन बोर्ड घरात आणावा आणि दिवा, पंखा, मोबाइल व फ्रीज थेट त्यावर लावावेत. थोडी गैरसोय होते, पण घरातील वायरिंगशी संबंधच नसल्यामुळे वीज खांबावर जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

जोडणीचे काम मात्र परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांतही तसेच अपेक्षित आहे. काम झाल्यावर त्याच्याकडून चाचणी अहवाल मागून घ्यावा. तो मागण्यात संकोच कसला? आपण बँकेत पैसे भरल्यावर पावती घेतोच ना?

शेवटी विद्यार्थी मित्रांना दोन शब्द. आयटीआयमध्ये वायरमन आणि इलेक्ट्रिशियन हे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. आपल्या वस्त्यांमध्ये वायरिंगचे काम बहुधा पाहून शिकलेल्या हातांनी होते. ती मुले कष्टाळू आहेत, पण न्यूट्रल का बदलावयाचा हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. रीतसर शिकलेला एक मुलगा किंवा मुलगी प्रत्येक वाडीत असेल, तर सुटीत गावी गेल्यावर त्यांना एक काम आजच करता येईल. घरोघरी जाऊन दोन्ही टोकांना टॉप लावलेली वायर कोठे वापरात आहे का ते पाहावे, आणि दिसल्यास कारण समजावून सांगून तिचे एक टोक तेथल्या तेथे कापून टाकावे. पुढच्या वादळानंतर आपल्या खांबावर जो लाइनमन चढेल, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसेल. परंतु तोही संध्याकाळी घरी परतण्याची वाट पाहणारी माणसे मागे ठेवूनच कामावर आलेला असेल.